रूट करण्याआधी परतीची वाट: बूटलोडर, रिकव्हरी आणि मॅजिस्क

फोन रूट करून द्यायला, म्हणजे त्यात सर्वाधिकार मिळवून द्यायला, कुणी माझ्याकडे आलं की मी आधी कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडते, त्याला त्या फोनच्या मॉडेलचं नाव देते आणि त्यात कंपनीचं मूळ फर्मवेअर (फोन चालवणारी कंपनीची सिस्टिम) पूर्ण उतरवून घेते. ते हाती येईपर्यंत केबल जोडत नाही. समोरचा माणूस घाईत असतो. त्याने कुठेतरी पाच मिनिटांचा व्हिडिओ बघितलेला असतो आणि त्यात फर्मवेअरचं नावही नसतं. तरी मी हट्ट सोडत नाही. त्यातली मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) हाताशी असली की रूट करताना होणारे बहुतेक घोटाळे दोन मिनिटांत निस्तरता येतात. ती नसेल तर रात्रभर शोधाशोध करावी लागते, आणि कधीकधी तीही फुकट जाते.

पुढे जिथे जिथे कमांड येतील तिथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये जागा सोडून टाइप करायच्या. 'डॉट' लिहिलंय तिथे जागा न सोडता टिंब द्यायचं.

तीन कामं, तीन वेगळ्या गोष्टी

बूटलोडर अनलॉक करणं, कस्टम रिकव्हरी टाकणं आणि रूट करणं ही तीन कामं लोक एकाच श्वासात बोलतात. ती एकमेकांपासून सुटी आहेत आणि तुम्हाला कदाचित तिन्हींची गरजही नसेल.

फोन सुरू होताना सगळ्यात आधी जे प्रोग्रॅम चालतात त्यात बूटलोडर असतो. पुढे जी सिस्टिम चालवायची तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही हे तो तपासतो. अँड्रॉइड ७ पासून ही तपासणी कडक झाली. सही जुळली नाही तर फोन सुरूच होत नाही. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे ही सक्ती काढणं.

रिकव्हरी ही मुख्य अँड्रॉइडच्या बाहेर चालणारी छोटी सिस्टिम. अपडेट बसवायचं, डेटा पुसायचा, एवढंच काम कंपनीच्या रिकव्हरीला येतं. कस्टम रिकव्हरीला बॅकअप घेता येतो, सही नसलेली झिप बसवता येते, फायली इकडच्या तिकडे करता येतात.

रूट म्हणजे चालू अँड्रॉइडमध्ये सर्वाधिकार मिळणं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये ज्या वापरकर्त्याचा क्रमांक ० असतो त्याला कुणी अडवत नाही. तो अधिकार एखाद्या अ‍ॅपला द्यायचा की नाही हे ठरवणारं साधन आज बहुतेक फोनवर मॅजिस्क आहे.

जुन्या फोनवर लिनेजओएससारखी नवी सिस्टिम टाकायची असेल तर बूटलोडर अनलॉक आणि रिकव्हरी पुरेशी आहे, रूटची गरज नाही. फक्त रूट हवं असेल तर हल्लीच्या फोनवर कस्टम रिकव्हरी लागतच नाही. कंपनीने आधीच भरलेली नको असलेली अ‍ॅप्स काढायची असतील तर यातलं काहीच लागत नाही. एडीबी या कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणाऱ्या साधनाच्या शेलमधून 'पीएम अनइन्स्टॉल' या कमांडने ती आपल्या वापरकर्त्यापुरती काढता येतात आणि फोनचं कुलूप शाबूत राहतं. निव्वळ जाहिराती थांबवायच्या असतील तर सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसने बरंच काम होतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांना मी इथूनच परत पाठवते.

मग रूट कशासाठी? अ‍ॅपच्या आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप, कोणत्या अ‍ॅपने इंटरनेटला जायचं हे ठरवणारी खरी फायरवॉल, ठरावीक टक्क्यांवर चार्जिंग थांबवणं, कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनमध्ये स्वतः दुरुस्ती करणं. यातलं एखादं नेमकं कारण तुमच्याकडे असेल तर पुढे वाचा.

काय जाणार हे आधीच मोजा

बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. ही शिक्षा नाही, संरक्षण आहे. तसं नसतं तर चोरलेला फोन अनलॉक करून कुणीही आपली सिस्टिम घालून आतला डेटा वाचू पाहिला असता. म्हणून फोटो, चॅटचा बॅकअप, टू-फॅक्टरचे कोड देणारं अ‍ॅप, नोंदी हे सगळं आधी बाहेर काढा. कोड देणाऱ्या अ‍ॅपकडे विशेष लक्ष द्या. लोक फोटो आठवणीने काढतात, हे मात्र विसरतात, आणि मग आपल्याच खात्यांच्या दाराबाहेर उभे राहतात. फोनवर जे गूगल खातं आहे त्याचा पासवर्डही पाठ हवा, कारण रिकव्हरीतून डेटा पुसल्यावर फोन तेच जुनं खातं मागू शकतो.

दुसरी गोष्ट बँकेच्या अ‍ॅप्सची. गूगलची सेफ्टीनेट तपासणी जाऊन तिच्या जागी प्ले इंटिग्रिटी आली आहे. तिचे बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग असे तीन स्तर आहेत. अनलॉक झालेला फोन वरचे स्तर सरळ मार्गाने ओलांडू शकत नाही. ते चुकवण्याच्या युक्त्या निघतात आणि काही दिवसांत बंद पडतात. ज्या फोनवर तुमचे पैशांचे व्यवहार चालतात तो फोन रूट करू नका, असं मी घरच्यांनाही सांगते. दुसरा फोन असेल तर तो घ्या.

सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. सही नसलेली इमेज एकदा चालली की तो उडतो आणि मूळ फर्मवेअर परत टाकलं तरी जुळत नाही. त्यानंतर सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पेमेंट सेवा त्या फोनवर कायमची बंद. शिवाय अनेक फोनवर अनलॉक केल्यावर वाइडवाइन या कॉपी-संरक्षणाचा स्तर एलवनवरून एलथ्रीवर येतो, म्हणजे पैसे भरून बघायचे चित्रपट एचडीत दिसत नाहीत.

हे सगळं वाचूनही करायचंच असेल तर फोनची ओळख पटवूया.

फोनचं खरं नाव

खोक्यावरचं नाव उपयोगाचं नाही. प्रत्येक मॉडेलला एक कोडनेम असतं आणि रिकव्हरी, रॉम (फोनवर टाकायची पूर्ण सिस्टिम), कर्नल (सिस्टिमचा गाभा) सगळं त्या कोडनेमनुसार बनतं. रेडमी नोट ७ चं कोडनेम लॅव्हेंडर, रेडमी नोट ७ प्रोचं व्हायोलेट. नावात एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात स्नॅपड्रॅगन ६६० आहे आणि दुसऱ्यात ६७५. एकाची रिकव्हरी दुसऱ्यावर टाकली तर ती चालणार नाही. पिक्सेल ७ म्हणजे पँथर आणि ७ प्रो म्हणजे चीता. सॅमसंगमध्ये तर एकाच नावाच्या फोनचे दोन अवतार असतात. गॅलेक्सी एस९ एक्झिनॉस चिपसह आला तिथे बूटलोडर उघडता येत होता, अमेरिकेतल्या स्नॅपड्रॅगनवाल्या एस९ मध्ये नाही.

कोडनेम बघायला फोन चालू असताना 'एडीबी शेल गेटप्रॉप आरओ डॉट प्रॉडक्ट डॉट डिव्हाइस' द्या, किंवा फास्टबूटमध्ये, म्हणजे बूटलोडरच्या पडद्यावर फोन कमांड घेतो त्या अवस्थेत, 'फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट'. हे उत्तर आणि सेटिंगमधला पूर्ण बिल्ड नंबर मी कागदावर उतरवून घेते. फोन अडकला की सेटिंग उघडता येत नाही, आणि नेमका तेव्हाच तो नंबर लागतो.

पुढचा प्रश्न पार्टिशनचा, म्हणजे फोनच्या साठ्यातल्या वेगवेगळ्या कप्प्यांचा. अँड्रॉइड ७ पासून एबी रचना आली: सिस्टिमच्या दोन प्रती (स्लॉट), एक चालू, एक मोकळी, अपडेट मोकळ्या प्रतीवर बसतं. पहिल्यांदा ती २०१६ च्या पिक्सेलमध्ये दिसली. 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' या कमांडला ए किंवा बी असं उत्तर आलं तर तुमचा फोन एबी आहे. सुरुवातीच्या एबी फोनमध्ये रिकव्हरीचं स्वतंत्र पार्टिशनच नसतं, ती बूट इमेजच्या आत राहते. त्यानंतरच्या फोनमध्ये ती व्हेंडर बूट नावाच्या पार्टिशनमध्येही असू शकते. म्हणून कुणाच्या तरी जुन्या फोनसाठी लिहिलेली 'फ्लॅश रिकव्हरी' ही कमांड (फ्लॅश म्हणजे इमेज पार्टिशनवर लिहिणं) डोळे झाकून देऊ नका.

रूटसाठी कोणती इमेज लागेल हेही इथेच ठरतं. जे फोन मुळात अँड्रॉइड १३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह बाजारात आले त्यांच्यात बहुधा इनिट बूट नावाचं वेगळं पार्टिशन असतं, आणि मॅजिस्क तिथे जातं. अपडेट होऊन १३ वर पोचलेल्या जुन्या फोनमध्ये मात्र बूटच. पिक्सेल ६ ला बूट इमेज, पिक्सेल ७ ला इनिट बूट. फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये इनिट बूटची फाइल दिसते का, एवढं बघितलं तरी शंका मिटते.

फर्मवेअर आणि त्यातली एक छोटी फाइल

फर्मवेअर फोनमध्ये आत्ता आहे त्याच बिल्डचं हवं. एक महिना मागचं किंवा पुढचं नको. वेगळ्या बिल्डची बूट इमेज पॅच करून (मॅजिस्कचे बदल घालून) टाकली तर वायफाय जातं, किंवा टच बंद पडतो, किंवा फोन बूटलूपमध्ये अडकतो, म्हणजे पूर्ण सुरू न होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो. कर्नल आणि त्याचे मॉड्यूल एकमेकांशी जुळलेले असतात, म्हणून असं होतं.

पिक्सेलसाठी गूगल फॅक्टरी इमेज देतं, झिप उघडली की आतल्या झिपमध्ये बूटची इमेज सापडते. इतर अनेक कंपन्यांच्या अपडेट झिपमध्ये पेलोड डॉट बिन नावाची एकच मोठी फाइल असते. ती उघडायला पेलोड डंपर हे साधन लागतं. त्यातून बूट, इनिट बूट, व्हेंडर बूट, व्हीबीमेटा (सहीच्या तपासणीची माहिती असलेली) या इमेज बाहेर काढा आणि नाव न बदलता वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर. पॅच केलेल्या इमेजला दुसरं, सहज ओळखू येईल असं नाव द्या.

डाउनलोड पूर्ण झालं म्हणजे ते बरोबर झालं असं नाही. पानावर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलचा ठसा) दिलेला असतो, तो जुळवा. लिनक्सवर 'एसएचए२५६सम', विंडोजवर 'सर्टयूटिल'. अर्धवट उतरलेली इमेज फ्लॅश करणं हा फोन घालवण्याचा सगळ्यात टाळण्याजोगा मार्ग आहे.

साधनांत गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स, ज्यात एडीबी आणि फास्टबूट दोन्ही आहेत. जाहिरातींनी भरलेल्या पानांवरून 'एका क्लिकमध्ये रूट' देणारं काहीही उतरवू नका. तशी साधनं एकेकाळी खरंच चालत होती, कारण ती कर्नलमधल्या उघड्या भोकांतून आत शिरत. २०१४ चं टॉवेलरूट तसंच होतं. त्याहून मजेदार म्हणजे २००८ चा टी-मोबाइल जी१, पहिला अँड्रॉइड फोन: त्यात कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं मागे एका रूट शेलमध्येही जात होतं, 'रीबूट' लिहिलं की फोन खरोखर रीबूट व्हायचा! ती भोकं बुजली. आज अशा नावाने जे मिळतं त्यात तुमच्या फोनचा ताबा घेऊ पाहणारं कुणीतरी असण्याची शक्यता जास्त आहे.

केबल आणि ड्रायव्हर

केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची नको. ती कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये थेट लावा, हबमधून नको. काही कॉम्प्युटरवर यूएसबी ३ च्या पोर्टवर फास्टबूट अडखळतं आणि तीच केबल यूएसबी २ च्या पोर्टला लावली की मुकाट चालतं. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या.

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. 'एडीबी डिव्हायसेस' दिल्यावर फोनवर परवानगीची चौकट येते, ती स्वीकारली नाही तर यादीत 'अनऑथराइज्ड' दिसत राहतं. मग 'एडीबी रीबूट बूटलोडर', आणि फोन बूटलोडरच्या पडद्यावर गेला की 'फास्टबूट डिव्हायसेस'.

विंडोजवर इथेच गाडी अडते. एडीबी चाललं, फास्टबूटला मात्र फोन दिसत नाही, कारण दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. फोन बूटलोडरमध्ये असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळं चिन्ह असलेलं उपकरण शोधा आणि गूगलच्या यूएसबी ड्रायव्हरमधला 'अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस' निवडा.

बूटलोडर उघडणं

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू करा. ते बटण फिकट असेल तर आधी फोन इंटरनेटला जोडून बघा. मोबाइल कंपनीने बांधलेल्या काही फोनमध्ये ते कधीच चालू होत नाही. पुढचा रस्ता कंपनीप्रमाणे बदलतो.

पिक्सेलवर 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक', मग आवाजाच्या बटणाने होकार निवडून पॉवरने पक्का करायचा. मोटोरोलामध्ये 'फास्टबूट ओईएम गेट अनलॉक डेटा' ही कमांड एक लांबलचक आकडा देते (गेट, अनलॉक, डेटा हे शब्द अधोरेषेने जोडायचे). तो आकडा कंपनीच्या साइटवर दिला की पात्र फोनसाठी ईमेलवर किल्ली येते. शाओमीत खातं फोनला जोडायचं, कंपनीचं 'मी अनलॉक' नावाचं टूल चालवायचं आणि थांबायचं. अनेक मॉडेलवर ही वाट १६८ तासांची होती, हायपरओएस ही कंपनीची नवी सिस्टिम आल्यानंतर नियम आणखी आवळले. मध्येच पुन्हा खातं जोडू नका, घड्याळ पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही, ज्या फोनमध्ये अनलॉकची सोय आहे तिथे डाउनलोड मोडमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की अनलॉकचा पडदा येतो. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं बंद केलं, त्यामुळे तिथे अधिकृत दार नाही.

अनलॉक झाल्यावर फोन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या. लगेच रिकव्हरी टाकायची घाई नको. डेटा पुसलेला आहे, सिस्टिम नव्याने मांडणी करते, तिला ती करू द्या. मग डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डीबगिंग पुन्हा चालू करा. आता दर वेळी सुरू होताना एक इशारा दिसेल, तो तसाच राहतो.

कस्टम रिकव्हरी, लागत असेल तर

पूर्वी क्लॉकवर्कमॉड होतं. २०११ पासून टीम विनची टीडब्ल्यूआरपी आली आणि स्पर्शाने चालणाऱ्या बटणांमुळे सगळ्यांच्या हातात रुळली. ऑरेंजफॉक्स तिच्यावरच उभी आहे. लिनेजओएसची स्वतःची साधी रिकव्हरी आहे. लिनेजच टाकायचं असेल तर मी तीच वापरते, कारण ती त्या रॉमबरोबर तयार होते आणि अपडेटला कुरकुर करत नाही.

इमेज मिळाली की ती आधी फ्लॅश करू नका. आधी फक्त चालवून बघा:

फास्टबूट बूट रिकव्हरी डॉट आयएमजी

ही कमांड इमेज फोनच्या मेमरीत नेऊन एकदाच चालवते, पार्टिशनवर काहीही लिहीत नाही. टच चालतो का, डेटा दिसतो का, बघा. नाही पटलं तर रीबूट केलं की फोन जसा होता तसा. काही कंपन्यांनी ही सोय बंद केली आहे, पण जिथे आहे तिथे ती सोडू नका.

स्वतंत्र रिकव्हरी पार्टिशन असलेल्या जुन्या फोनमध्ये पुढची पायरी 'फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी' आणि फाइलचं नाव. त्यानंतर फोन सिस्टिममध्ये जाऊ देऊ नका. बटणं दाबून थेट रिकव्हरीत शिरा. कारण मूळ सिस्टिममध्ये एक स्क्रिप्ट असते जी सुरू होताना कंपनीची रिकव्हरी परत लिहून टाकते. मग लोक म्हणतात, 'फ्लॅश झाली पण दिसत नाही'. एबी फोनवर तात्पुरत्या चालवलेल्या टीडब्ल्यूआरपीतूनच ती कायमची बसवण्याचा पर्याय मिळतो.

टीडब्ल्यूआरपी पहिल्यांदा उघडली की बदलांना परवानगी द्यायची का, असं विचारते. मूळ सिस्टिम ठेवायची असेल तर 'रीड ओन्ली'च राहू द्या. परवानगी दिली तर सिस्टिम पार्टिशन बदलतं आणि तपासणी चालू असलेला फोन पुढे सुरू होत नाही.

यानंतर ती पिन मागते. नव्या फोनमध्ये प्रत्येक फाइल कूटबद्ध असते, अँड्रॉइड १० सह आलेल्या फोनपासून हे सक्तीचं आहे. पिन देऊनही फायलींची नावं अगम्य अक्षरांची दिसत असतील किंवा मेमरी शून्य एमबी दिसत असेल, तर ही रिकव्हरी तुमच्या सिस्टिमचं कुलूप उघडू शकत नाही. अशा रिकव्हरीत डेटाचा बॅकअप घेतला असं समजू नका. उघडत असली तरी लक्षात ठेवा, तिच्या बॅकअपमध्ये अ‍ॅप्स आणि त्यांचा डेटा येतो, तुमचे फोटो आणि डाउनलोड असलेला अंतर्गत साठा येत नाही.

एक बॅकअप मात्र इथे आल्याबरोबर घ्याच. आयएमईआय आणि रेडिओची जुळवणी ज्यात असते ती पार्टिशनं: सॅमसंगवर ईएफएस, क्वालकॉमच्या फोनवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट. या गोष्टी प्रत्येक फोनच्या स्वतःच्या असतात, कोणत्याही फर्मवेअरमध्ये मिळत नाहीत, दुसऱ्याच्या घेऊन चालत नाहीत. त्या गेल्या की फोनला नेटवर्क नाही. रिकव्हरी न टाकता रूट करणाऱ्यांनी रूट मिळाल्यावर 'डीडी' कमांडने याच पार्टिशनच्या प्रती काढाव्यात आणि फोनबाहेर ठेवाव्यात.

नवी सिस्टिम टाकताना 'वाइप' आणि 'फॉरमॅट डेटा' यांत गोंधळ होतो. नुसतं वाइप अंतर्गत साठा आणि कूटबद्धता तशीच ठेवतं. एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर जाताना 'फॉरमॅट डेटा' लागतं, त्यासाठी 'येस' असं टाइप करावं लागतं आणि त्यात सगळं जातं. मग रॉमची झिप कॉम्प्युटरवरून बसवायला 'एडीबी साइडलोड' आणि झिपचं नाव. कॉम्प्युटरवर आकडा कधी ४७ टक्क्यांवर थांबतो आणि 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असा विचित्र निरोप येतो. घाबरून केबल काढू नका. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते बघा, बहुतेक वेळा काम पूर्ण झालेलं असतं.

मॅजिस्क

जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेलं मॅजिस्क सिस्टिम पार्टिशनला हात लावत नाही. ते बूट इमेजच्या रॅमडिस्कमध्ये (फोन सुरू होताना मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइलसंचात) बसतं आणि सुरू होताना बदल वरून पांघरतं. म्हणूनच मूळ बूट इमेज परत टाकली की रूट निघून जातं. अ‍ॅप फक्त गिटहबवरच्या मूळ ठिकाणाहून घ्या. त्याच्या नावाची स्वतंत्र वेबसाइट दिसली तर ती दुसऱ्या कुणाचीतरी आहे.

अ‍ॅप बसवा आणि पहिल्या पडद्यावर रॅमडिस्कपुढे 'येस' आहे का बघा. 'नो' असेल तर रिकव्हरीची इमेज पॅच करावी लागते आणि दर वेळी बटणांच्या जोडीने रूटमध्ये शिरावं लागतं. ते जुन्या काही फोनपुरतं. 'येस' असेल तर मूळ बूट किंवा इनिट बूट इमेज फोनवर कॉपी करा, 'इन्स्टॉल' दाबा, 'सिलेक्ट अँड पॅच अ फाइल' निवडा. पॅच झालेली इमेज डाउनलोड फोल्डरमध्ये येते, ती 'एडीबी पुल' ने कॉम्प्युटरवर आणा. एमटीपीने, म्हणजे नेहमीच्या फाइल ट्रान्सफरने, ओढताना मोठ्या फायली कधी बिघडतात, म्हणून पुलच बरं.

फोन बूट इमेजवाला असेल तर इथेही आधी 'फास्टबूट बूट' देऊन पॅच केलेली इमेज तात्पुरती चालवा. फोन सुरू झाला आणि मॅजिस्कमध्ये आवृत्तीचा आकडा दिसला, तर अ‍ॅपमधूनच 'डायरेक्ट इन्स्टॉल' करा. काहीच धोका न पत्करता रूट. इनिट बूटमध्ये कर्नल नसतो, त्यामुळे तिथे ही चाचणी होत नाही. तिथे सरळ:

फास्टबूट फ्लॅश इनिट बूट, आणि पॅच केलेल्या इमेजचं नाव

(इनिट आणि बूट यांच्यामध्ये अधोरेषा.) काही फोनवर यानंतर सिस्टिम खराब असल्याचा पडदा येतो. तसं झालं तर व्हीबीमेटाची मूळ इमेज 'डिसेबल-व्हेरिटी' आणि 'डिसेबल-व्हेरिफिकेशन' हे दोन पर्याय देऊन फ्लॅश करावी लागते. प्रत्येक पर्यायाआधी दोन आडव्या रेघा. ज्या फोनवर गरज नाही तिथे हे करू नका. काही फोनवर यामुळे डेटा पुसावा लागतो.

सॅमसंगचा रस्ता वेगळा. फर्मवेअरमधली एपी नावाची टार फाइल आख्खी मॅजिस्कला द्यायची, आणि ओडिन या सॅमसंगच्या फ्लॅश करण्याच्या साधनात पॅच झालेली एपी, सोबत फर्मवेअरमधल्या मूळ बीएल, सीपी आणि सीएससी या फायली. पहिल्यांदा होम सीएससी नाही, साधी सीएससी, म्हणजे डेटा स्वच्छ पुसला जातो. नुसती बूट इमेज टाकायचा मोह आवरा.

अडकला तर

फास्टबूटचा किंवा डाउनलोड मोडचा पडदा येत असेल तर फोन मेलेला नाही. पुन्हा पुन्हा लोगोच येत असेल तर मूळ बूट इमेज फ्लॅश करा. दहातल्या बहुतेक तक्रारी तिथेच संपतात. एबी फोनवर चुकीच्या स्लॉटवर तर काही लिहिलं नाही ना, हे बघा. 'फास्टबूट सेट अ‍ॅक्टिव्ह' ने (सेट आणि अ‍ॅक्टिव्ह यांच्यामध्ये अधोरेषा) दुसरा स्लॉट निवडता येतो.

रूट व्यवस्थित चालत होतं आणि मॅजिस्कचं नवं मॉड्यूल (त्यात जोडायची वाढीव सोय) टाकल्यावर अडकलं, तर दोष मॉड्यूलचा. सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून फोन सेफ मोडमध्ये नेला की मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं, आणि पुढच्या साध्या रीबूटलाही ती बंदच राहतात. म्हणून एका वेळी एकच मॉड्यूल टाका आणि एक दिवस वापरून मग दुसरं.

पडदा पूर्ण काळा आणि कॉम्प्युटरला क्वालकॉम ९००८ असं उपकरण दिसतंय, तर फोन आपत्कालीन डाउनलोड मोडमध्ये आहे. तिथून परत आणायला कंपनीची सही असलेला प्रोग्रॅम लागतो आणि तो प्रत्येक मॉडेलचा मिळत नाही. इथे जाणकाराकडे जा.

अपडेट आणि परत कुलूप

एबी फोनवर अपडेट आलं की आधी मॅजिस्कमध्ये 'रिस्टोअर इमेजेस' करा. मग अपडेट बसवा, पण रीस्टार्टचं बटण दाबू नका. मॅजिस्कमध्ये परत जाऊन 'इन्स्टॉल टू इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट' करा आणि मगच रीबूट. रिस्टोअर जमलं नाही तर नव्या बिल्डची बूट इमेज काढून पॅच करणं हा नेहमीचा मार्ग आहेच.

सगळ्यात जास्त फोन ज्या एका कृतीने गेलेले मी पाहिलेत ती म्हणजे बदललेली इमेज आत असताना बूटलोडर पुन्हा लॉक करणं. किल्ली घरात राहावी आणि दाराला लॅच लागावं, तसं होतं: बूटलोडर सही तपासतो, ती जुळत नाही, फोन सुरू होत नाही, आणि लॉक असल्यामुळे फ्लॅशही करता येत नाही. ओळखीच्या एका मुलाने फोन विकण्याआधी 'लॉक केलेला बरा' म्हणून हेच केलं, तेही ओईएम अनलॉकिंग बंद करून. त्या फोनचं पुढे काही करता आलं नाही.

दुसरा सापळा अँटी-रोलबॅकचा. काही अपडेट बूटलोडरमधला एक आकडा वाढवतात आणि त्याहून जुनं फर्मवेअर नाकारलं जातं. पिक्सेल ६ च्या फोनवर ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ सोबत हेच झालं, तिथून १२ वर परतता येत नाही. म्हणून जुन्या फर्मवेअरवर जायचं असेल तर त्या मॉडेलचा हा आकडा आधी तपासा.

विकायचा फोन असा तयार करा: चालू असलेल्या किंवा त्याहून नव्या बिल्डचं पूर्ण मूळ फर्मवेअर सगळ्या पार्टिशनसह फ्लॅश करा. फोन पूर्ण सुरू करा. मॅजिस्क नाही, व्हीबीमेटा मूळचा आहे, सिम चालतंय, एवढं बघा. ओईएम अनलॉकिंग चालूच ठेवून 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक' द्या. डेटा पुन्हा एकदा पुसला जाईल. फोन इशाऱ्याशिवाय सुरू होऊन स्वागताच्या पडद्यावर आला की आत जाऊन एकदा खात्री करा आणि मगच ओईएम अनलॉकिंग बंद करा.